दोराला नाव कळत नाही

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी बारा वर्षे वेटलिफ्टिंग करतो. माझे वजन ९६ किलो असून मी जमिनीवरून २१० किलो उचलतो. नोकरीतील बदलीमुळे नव्या ठिकाणी आलो, तेथे माझ्या खेळाची सोय नव्हती, म्हणून रस्सीखेचीच्या एका संघात दाखल झालो. हा संघ ६४० किलोच्या वजनगटात उतरतो. बाकीचे गडी आठ-दहा वर्षे एकत्र ओढत आहेत, पण ताकदीत त्यांच्यापैकी एकही माझ्या जवळपास नाही. असे असूनही माझ्यासह खेळलेल्या पहिल्या दोन्ही स्पर्धा आम्ही हरलो. तिसऱ्या वेळी प्रशिक्षकांनी मला बाहेर बसवले, माझ्या जागी ७४ किलोच्या एका गड्याला घेतले, आणि संघ जिंकला. मला कोणी काही बोलले नाही आणि तेच अधिक लागले. मैदान ओले होते, शेवटचा गडी कच्चा आहे, प्रशिक्षक जुन्यांना झुकते माप देतात आणि बाकीचे अंग चोरतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. मी अँकरची, म्हणजे दोराच्या टोकाच्या शेवटच्या गड्याची, जागा मागितली तेव्हा दोघे हसले. कोणाची री ओढणे माझ्या स्वभावात नाही. मी हा संघ सोडावा का?
— एक बाहेरचा

उत्तर

स. न.

तुमच्या पत्रातील शेवटचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे आणि ते शेवटी दिले तरी चालेल. आधी तुम्ही ज्याचा उल्लेखही केलेला नाही, त्या एका हिशेबाकडे लक्ष वेधतो. ६४० किलोच्या गटात आठही गड्यांचे मिळून वजन ६४० किलोंच्या वर जाऊन चालत नाही. तुम्ही दोराला हात लावता तेव्हा बाकीच्या सातजणांसाठी ५४४ किलो उरतात. तुमच्या जागी तो ७४ किलोंचा गडी आला की त्याच सातजणांना ५६६ किलो मिळतात. म्हणजे तुमच्या येण्याने उरलेल्या सातांच्या वाट्याचे २२ किलो कमी होतात, सरासरी काढली तर माणशी तीन किलोंहून अधिक. पहिल्या दोन स्पर्धांच्या आधी हे किलो कोणी, कसे आणि किती दिवस उपाशी राहून उतरवले, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पत्रात त्याविषयी एक शब्दही नाही, यावरून तुम्ही विचारले नसावे, असे मी धरून चालतो. तुम्हाला कोणी काही बोलले नाही, ही तुमची तक्रार आहे. पण संघातील काहींनी तुमच्यासाठी वजन उतरवले आणि तेही काही बोलले नाहीत, असा या गप्प बसण्याचा दुसरा अर्थ निघू शकतो.

हा हिशेब तुम्हाला खजील करण्यासाठी मांडलेला नाही. वेटलिफ्टिंगमध्येही वजनगट असतात, परंतु तेथे तुमचे वजन ही सर्वस्वी तुमची बाब असते; ते वाढले तर तुमचा गट बदलतो, शेजारच्याच्या ताटावर त्याचा परिणाम होत नाही. रस्सीखेचीत तुमचा प्रत्येक किलो दुसऱ्या कोणाकडून तरी उसना घेतलेला असतो, आणि म्हणूनच ‘मी सर्वांत ताकदवान आहे’ हे विधान खरे असले तरी अपुरे ठरते. माझे २२ जादा किलो संघाला २२ किलोंपेक्षा अधिक काही देतात का, असा प्रश्न येथे विचारावा लागतो. पहिल्या दोन निकालांनी त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. ते कायमचे उत्तर आहे, असे मात्र मला वाटत नाही.

आता तुमच्या ताकदीविषयी बोलू, कारण तिच्याबद्दल तुम्हाला अभिमान आहे आणि तो असायलाही हवा. बारा वर्षांत तुमच्या शरीराने जे शिकून ठेवले आहे ते या खेळात नेमके कोठे आडवे येते, हे तुम्हाला कोणी समजावून सांगितलेले दिसत नाही. बार उचलण्याचा प्रयत्न काही सेकंदांत संपतो. सगळी शक्ती एका क्षणात ओतायची, छाती वर काढायची, कंबर सरळ करायची आणि मोकळे व्हायचे. दोन तोडीस तोड संघांमधील एक ओढ मात्र काही मिनिटे चालू शकते, आणि तिच्यातला बराचसा वेळ ओढण्यात न जाता धरून राहण्यात जातो. त्या वेळी तुम्ही सवयीने छाती वर काढली की तुमच्या हातातला दोर वर उचलला जातो. दोर वर गेला की तुमच्या पुढच्या गड्याच्या टाचा जमिनीवरून हलक्या होतात, आणि रस्सीखेचीत माणूस जमिनीला जितका घट्ट तितकीच त्याची ताकद कामाची असते. हात आणि पाठ कितीही मजबूत असोत, तळपाय घसरू लागले की त्या मजबुतीचा उपयोग उरत नाही. याचा अर्थ असा की, तुम्ही सर्वांत जास्त जोर लावत असता नेमक्या त्याच क्षणी आपल्याच पुढच्या गड्याचा जोर काढून घेत असता, आणि तुम्हाला ते दिसत नाही, कारण तुमची नजर स्वतःच्या जोराकडे असते.

दिशेचेही तसेच आहे. दोराच्या रेषेपासून अवघे १० अंश बाजूला राहून तुम्ही १०० किलोंचा जोर लावला, तर त्यातील सुमारे ९८ किलो सरळ दिशेने कामी येतात. तुम्ही म्हणाल, दोनच किलो वाया गेले, त्यात एवढे काय! परंतु त्याच वेळी सुमारे १७ किलोंचा आडवा जोरही दोरावर पडतो, आणि तो सावरण्याचे काम तुमच्या पुढच्या-मागच्या माणसांना करावे लागते. तुमचे नुकसान दोन किलोंचे होते, त्यांचे सतराचे. बलवान माणसाची चूक दुसऱ्याच्या अंगावर नेहमी जास्त वजनाने पडते, हे मी या खेळात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

‘बाकीचे अंग चोरतात’ या तुमच्या आरोपाकडे आता वळतो, कारण तो मला मुळीच टाकाऊ वाटत नाही. माक्सिमिलियँ रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने १८८० च्या दशकात माणसांना एकेकट्याने आणि गटाने दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. ते निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या तक्त्यानुसार एकट्याने ओढणाऱ्याचा जोर पूर्ण धरला, तर आठजणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला तो सरासरी ४९ टक्के उरतो. म्हणजे आठ माणसे मिळून जेमतेम चारांचे काम करतात. रिंगलमानचा मुख्य रोख तालाच्या अभावावर होता. प्रत्येकाचा जोर वेगळ्या क्षणी शिगेला पोहोचतो, आणि वेगवेगळ्या क्षणांचे जोर एकमेकांत मिसळत नाहीत. पुढे १९७४ साली अ‍ॅलन इंगहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक मोठी चतुर युक्ती केली. त्यांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोराच्या सर्वांत पुढच्या टोकाला उभे केले आणि तुझ्या मागे आणखी काहीजण ओढत आहेत, असे भासवले. प्रत्यक्षात मागे उभे असलेले लोक ओढतच नव्हते. येथे ताल चुकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ओढणारा एकच होता. तरीही त्याचा जोर कमी पडला. मागे कोणी आहे, एवढ्या समजुतीनेच माणूस सैल पडतो.

तेव्हा गळती दोन ठिकाणी असते, तालात आणि मनात. तुम्ही दुसऱ्या गळतीकडे बोट दाखवत आहात, आणि तुमच्या संघात ती असेलही. मला फक्त एवढे विचारायचे आहे की, जो गडी सरावाच्या पहिल्याच दिवशी आपले २१० किलो सांगतो (तुम्ही मला ते पत्राच्या दुसऱ्याच वाक्यात सांगितले आहेत, म्हणून तेथेही सांगितले असतील, असा माझा अंदाज आहे) आणि ज्याच्या प्रत्येक हिसक्यातून ‘तुमच्याशिवायही भागेल’ असे इतरांना ऐकू येते, त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने पूर्ण जोर का लावावा? हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असा माझा दावा नाही. हे माझे मत आहे आणि अनेक वर्षे दोर ओढून आणि नंतर शिकवून ते बनले आहे. अंग चोरणाऱ्याला अंग चोरण्याची सोय बहुतेक वेळा संघातला सर्वांत बलवान माणूसच करून देत असतो.

मलाही हे सहजी उमगले नव्हते. तिसऱ्या वर्षी एका अटीतटीच्या लढतीत मला खात्री वाटली की समोरचे ढिले पडले आहेत, आणि प्रशिक्षकांच्या खुणेची वाट न पाहता मी एकट्याने हिसका दिला. दोर वीतभर मागे आला. त्या वीतभरानंतर मला पुन्हा पाय रोवायला जो क्षण लागला, त्यात सगळा ताण माझ्या पुढच्या गड्यावर आला, त्याची टाच निसटली, तो मनगटावर पडला आणि आम्ही ती ओढ आणि सामना दोन्ही गमावले. त्याचे मनगट सहा आठवडे बांधलेले होते. मी मात्र महिनाभर सर्वांना त्या वीतभर दोराविषयी सांगत होतो!

आमच्या सरावाच्या जागी एक लोखंडी चौकट होती. तिच्यावरच्या कप्पीवरून दोर सोडून त्याच्या टोकाला ओल्या वाळूने भरलेला ड्रम टांगलेला असे, आणि ड्रमवर पांढऱ्या रंगाचा एक उभा पट्टा ओढलेला होता. आठहीजणांनी एकाच वेळी, एकाच जोराने पाय रेटले की ड्रम शांतपणे वर चढे आणि पट्टा समोरच राही. एकाने जरी हिसका दिला तरी ड्रम झुलू लागे, स्वतःभोवती वळे आणि पट्टा पलीकडे जाई. त्या सामन्यानंतरच्या पहिल्या सरावाला प्रशिक्षकांनी मला दोराला हातच लावू दिला नाही. ड्रमपाशी उभे करून ‘कोण हिसका देतो ते सांग’ एवढेच म्हणाले. अर्ध्या तासात मी चौघांची नावे सांगितली आणि मला स्वतःचे फार कौतुक वाटले. मग त्यांनी मला दोरावर पाठवले आणि ड्रमपाशी स्वतः उभे राहिले. ते काही बोलले नाहीत. पट्टा पलीकडे गेला की ते फक्त तर्जनी हवेत गोल फिरवत. त्या संध्याकाळी ती तर्जनी इतक्या वेळा फिरली की, शेवटी मी तिच्याकडे बघणेच सोडले.

तुमच्यासारख्या बलवान माणसांचा एक जुना दाखला माझ्याकडे आहे. १९०० ते १९२० या काळात रस्सीखेच ऑलिम्पिकमध्ये खेळली जात असे. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने या खेळासाठी आपले फेकपटू उतरवले होते. त्यांत राल्फ रोझ होता, ज्याने त्याच ऑलिम्पिकमध्ये गोळाफेकीचे सुवर्ण जिंकले, आणि जॉन फ्लॅनगन होता, ज्याने हातोडाफेकीचे सुवर्ण जिंकले. त्यांच्यासमोर लिव्हरपूलच्या पोलिसांचा संघ होता. पहिली ओढ अमेरिकेने पाहता पाहता गमावली. पोलिसांच्या जड बुटांमुळे त्यांना गैरफायदा मिळाला, अशी तक्रार अमेरिकी संघाने केली, ती मान्य झाली नाही, आणि त्यांनी पुढे ओढायलाच नकार दिला. सुवर्णपदक लंडन शहराच्या पोलिसांनी जिंकले, रौप्य लिव्हरपूलच्या पोलिसांनी. बुटांचा फरक खरोखर पडला असेल, टाचेची पकड या खेळात थोडीथोडकी गोष्ट नाही, आणि म्हणून त्या तक्रारीला मी हसणार नाही. पण त्यांनी दुसरी ओढ घेतली असती, तर बुटांखेरीज आणखी काय कमी पडले हे त्यांना कळले असते. तुमच्या पत्रात मी असे चार बूट मोजले: ओले मैदान, कच्चा शेवटचा गडी, पक्षपाती प्रशिक्षक आणि अंगचोर सहकारी. चारही खरे असू शकतात. तिसऱ्या स्पर्धेत मात्र तोच शेवटचा गडी, तेच प्रशिक्षक आणि तेच सहकारी होते.

अँकरच्या जागेवर लोक का हसले, तेही सांगतो, कारण ते हसणे तुमच्या जिव्हारी लागलेले दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की शेवटचा माणूस म्हणजे खुंटा. जड असला की झाले. प्रत्यक्षात अँकरच्या काखेखालून दोर पाठीवर तिरका जाऊन विरुद्ध खांद्यावरून पुढे येतो, आणि पुढच्या सातजणांतील प्रत्येकाची चूक त्याला त्या दोरातून पाठीला जाणवते. कोण थकला, कोण वर उठला, कोणाचा पाय सरकतो आहे, हे त्याला डोळ्यांनी न पाहता कळावे लागते. काही महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाने ती जागा मागणे हे त्यांना, ज्याला अजून कोणाचा आवाज ओळखता येत नाही त्याने सूत्रसंचालन मागावे, तसे वाटले असणार. तरीही ते हसायला नको होते. नव्या माणसाला हसून उत्तर देणारा संघ स्वतःचेच नुकसान करतो, आणि प्रशिक्षकांनी तुम्हाला कारण न सांगता बाहेर बसवले, ही त्यांची चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फक्त ‘मला का काढले’ असे न विचारता ‘मी दोरावर असताना तुम्हाला काय दिसते’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला माणसे बचाव देतात, दुसऱ्याला माहिती.

त्याआधी एक काम करा. त्या ७४ किलोंच्या गड्याला गाठा आणि पुढच्या चार सरावांत तुमच्या नेमके मागे उभे राहण्याची विनंती करा. या विनंतीत तुम्हाला कमीपणा वाटेल, आणि तो वाटू द्यावा. तुम्ही नेमके केव्हा वर उठता, हे त्याच्याइतके चांगले कोणीही सांगू शकणार नाही, कारण त्या जागेवर तो काय करतो हेच प्रशिक्षकांना तुमच्यापेक्षा अधिक पसंत पडले आहे. जागा मधली मागा, तिसरी किंवा चौथी. पंच ‘दोर उचला’, ‘ताण घ्या’, ‘स्थिर’ आणि ‘ओढा’ या क्रमाने आज्ञा देतात. त्यांतील ‘स्थिर’ आणि ‘ओढा’ यांच्यामधल्या क्षणात डोळे मिटून दोर तळहाताला काय सांगतो ते पाहा. सुरुवातीला काहीच कळणार नाही. मग एखाद्या दिवशी मागच्या माणसाचा श्वास दोरातून जाणवेल. हे वाचताना तुम्हाला हसू आले असेल, तर ते माझ्या तिसऱ्या वर्षातले हसू आहे. आणि या चार सरावांत पूर्ण जोर लावू नका. तीन-चतुर्थांश लावा, पण सबंध वेळ एकसारखा लावा. तुमच्यासारख्याला हे पूर्ण जोरापेक्षा अवघड जाईल.

‘कोणाची री ओढणार नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. तो बाणा वेटलिफ्टिंगच्या फळीवर शोभतो, कारण तेथे बार खाली येतो तेव्हा सर्वांना कळते की तो कोणी उचलला. दोर चार मीटर मागे आला की ओढ जिंकली जाते, आणि त्या चार मीटरांत तुमचे किती, हे जगातल्या कोणत्याही पंचाला सांगता येत नाही. मला वाटते, तुमची खरी अडचण येथे आहे. बारा वर्षे तुमच्या श्रमावर तुमचे नाव लिहिलेले असायचे. आता ते पुसले जात आहे, आणि तुम्ही हिसका देता तो बहुधा ते नाव पुन्हा लिहिण्यासाठी. ही काही लाजिरवाणी गोष्ट नाही. परंतु ती तुम्हाला नको असेल, नावाशिवायचे श्रम तुमच्या स्वभावात बसतच नसतील, तर तेही प्रामाणिकपणे मान्य करायला हरकत नाही.

यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आले. एक हंगाम द्या. त्याच्या अखेरीस मन रमले नाही तर वेटलिफ्टिंगची सोय शोधा आणि निःसंकोच परत जा. परतीचे दोर कापून टाकण्याची येथे कोणालाही गरज नाही, आणि आपल्या खेळात परतलेल्या माणसाला मी पळपुटा म्हणणार नाही. आज, बाहेर बसवल्याच्या रागात मात्र सोडू नका, कारण तसे सोडले तर पुढची अनेक वर्षे तुम्ही लोकांना ओल्या मैदानाची गोष्ट सांगत राहाल.

तुमच्या सरावाच्या जागी कप्पी आणि ड्रम असतीलच. नसले तर एखादे वजन टांगून घ्या आणि त्यावर खडूने एक उभी रेघ ओढा. चौथ्या सरावानंतर ती रेघ समोर राहते की पलीकडे जाते, तेवढे मला कळवा.